चिकटवहीतला इतिहास

शाळेत असताना आपण सगळ्यांनीच चिकटवही केलेली आहे. पिंपळाचं जाळीदार पान, आगपेट्यांवरची चित्रं, वर्तमानपत्रातून कापलेले पुढाऱ्यांचे फोटो, आणि खाली वळणदार अक्षरात नावं. चिकटवायला घरची खळ असायची. फार तर डिंकाची बाटली, ज्याचं बूच कायम चिकटून बसलेलं. आता त्याच चिकटवहीला स्क्रॅपबुक म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळं दुकान लागतं. फुलांच्या आकाराचे पंच, कापून तयार मिळणारी अक्षरं, वॉशी टेप, उठावाची पावडर, जाड रंगीत कार्डस्टॉक, बारा इंच लांब आणि बारा इंच रुंद असं ठरलेल्या मापाचं पान. त्या पानावर फोटो, फीत, तिकीट, चार ओळी अशी मांडणी करायची, तिला 'लेआउट' म्हणायचं. उरलेल्या कागदाची भेटकार्डं करायची. आमच्या बेळगावातही आता मुली हे शिकतात, शिकवतात आणि ऑर्डरी घेतात.

आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "रिकामपणाचे उद्योग आहेत झालं."

हे वाक्य बायकांच्या हातातल्या किती कामांना ऐकावं लागलंय, ते मोजायला बसलं तर वही पुरायची नाही. म्हणून म्हटलं, या कात्री-कागदाच्या उद्योगाला मागं किती वंशावळ आहे ते तरी बघावं. बघितली, तर ती निघाली भलतीच लांब.

सुरुवात चित्रांनी नाही, शब्दांनी झाली. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमधली शिकलेली माणसं एक वही ठेवायची. वाचलेलं वचन, औषधाचा काढा, हिशेब, प्रार्थना असं जे आवडेल ते त्यात उतरवून घ्यायची. जॉन लॉक हा मोठा तत्त्वज्ञ. त्यानंसुद्धा अशा वहीची अनुक्रमणिका कशी करावी यावर पुस्तिका लिहिली, ती इंग्रजीत १७०६ मध्ये छापली गेली. पुढं छपाई वाढली, चित्रं स्वस्त झाली, तसं उतरवून घेण्याऐवजी कापून चिकटवणं सुरू झालं. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर नावाच्या पाद्र्यानं इंग्लंडमधल्या नामवंतांचा चरित्रकोश काढला. त्यात चित्रं नव्हती. मग हौशी श्रीमंत वाचकांनी दुसऱ्या पुस्तकांतली चित्रं कापून या पुस्तकात बसवायला सुरुवात केली. एकेका प्रतीचे फुगून अनेक खंड झाले. कितीतरी चांगली पुस्तकं त्यापायी कात्रीखाली गेली. हे उद्योग बहुतेक पुरुषांचे होते, आणि त्यांना कुणी रिकामपणा म्हटलं नाही. 'संग्रह' म्हटलं.

त्याच काळात एक बाई काय करत होत्या बघा. मेरी डिलेनी त्यांचं नाव, जन्म १७०० सालचा. दोनदा लग्न झालं, दोन्ही नवरे गेले. १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली. काळ्या रंगवलेल्या कागदावर एकेक पाकळी, एकेक केसर, पानाची शीर वेगळी कापून डकवायची. एका फुलाला शेकडो तुकडे लागायचे. समोर खरं फूल ठेवून, वनस्पतिशास्त्राला धरून. साधारण दहा वर्षांत त्यांनी ९८५ चित्रं पुरी केली आणि डोळ्यांनी साथ सोडली तेव्हाच कात्री खाली ठेवली. ती चित्रं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बहात्तराव्या वर्षी आपल्याकडं बाईला लोक "आता जप करा" म्हणतात. जप करावाच. पण डिलेनीबाईंचं ते कागद कापणं जपाहून फार वेगळं होतं असं मला वाटत नाही.

आता भेटकार्डाकडं वळू. त्याची गोष्ट टपालाशिवाय सांगता येत नाही. १८४० च्या आधी इंग्लंडात पत्र महाग होतं. अंतरावर आणि पानांच्या संख्येवर पैसे पडायचे, आणि बहुतेक वेळा ते घेणाऱ्यानं द्यायचे. रोलंड हिल यांच्या खटपटीनं १८४० मध्ये देशभर एका पेनीत पत्र जाऊ लागलं, तिकीट आलं आणि लोक भराभर लिहायला लागले. या सुधारणेत हिल यांच्या हाताखाली काम केलेले हेन्री कोल स्वतःच तिच्यात सापडले. नाताळात इतकी पत्रं येऊन पडली की उत्तरं द्यायला वेळ होईना. १८४३ मध्ये त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारभर प्रती छापल्या, हातानं रंगवून घेतल्या आणि खाली नाव लिहून पाठवून दिल्या. उरलेल्या एका शिलिंगला एक अशा विकल्या. साध्या माणसाला न परवडणारी किंमत. चित्रात मधोमध जेवायला बसलेलं कुटुंब आणि दोन बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देणारी माणसं. पण मधल्या चित्रात लहान मुलाच्याही तोंडाला दारूचा पेला लावलेला! दारूबंदीवाल्यांनी लगेच ओरड केली. म्हणजे पहिल्या छापील नाताळ कार्डाबरोबर पहिली टीकाही आली.

गंमत अशी की या कार्डाचा जन्मच वेळ वाचवण्यासाठी झाला. पुढं बायकांनी त्याच कार्डाला वेळ देऊन देऊन सजवलं, ती गोष्ट अमेरिकेतली.

मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात एस्थर हाउलंड नावाची मुलगी होती. वडिलांचं पुस्तकं आणि कागदसामानाचं दुकान. १८४७ मध्ये तिचं शिक्षण पुरं झालं. त्याच सुमारास तिच्या हातात इंग्लंडहून आलेलं एक व्हॅलेंटाइन कार्ड पडलं, जाळीच्या कागदाचं, फुलांचं. तिला वाटलं, हे तर मी याहून चांगलं करीन. वडिलांकडून तिनं जाळीदार कागद आणि रंगीत चित्रं मागवून घेतली, नमुने केले आणि दुकानाच्या फिरतीवर निघालेल्या भावाच्या हाती दिले. दोनेकशे डॉलरचं काम मिळालं तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा. भाऊ पाच हजार डॉलरच्या मागण्या घेऊन परत आला असं सांगतात. मग घराच्या माडीवर मैत्रिणी जमल्या. एकीनं चित्रं कापायची, दुसरीनं जाळीचा कागद बसवायचा, तिसरीनं त्याखाली रंगीत कागद द्यायचा, आणि नमुना एस्थरनं ठरवायचा. मोटारीचे कारखाने येण्याच्या कितीतरी आधी या बायकांनी एका टेबलाभोवती बसून कामाची वाटणी बसवली होती. तिनं पुढं कंपनी काढली, अनेक वर्षं चालवली आणि १८८० च्या सुमारास, आजारी वडिलांची सेवा करण्यासाठी, धंदा विकून टाकला. हे शेवटचं वाक्य वाचून अमेरिका काही फार लांब आहे असं वाटलं नाही.

एस्थरला लागणारी रंगीत चित्रं यायची ती दगडी छापाची. एका चित्राला अनेक दगड, एका दगडाला एक रंग. याला क्रोमोलिथोग्राफी म्हणत. जर्मनीतले छापखाने फुलं, देवदूत, पाखरं, मुलं यांची चित्रं पत्रीवर छापत, त्यांना मागून उठाव देत आणि साच्यानं कडेकडेनं कापून विकत. कागदाच्या बारीक पट्ट्यांनी ती एकमेकांना जोडलेली असत; घरी आणायची, सोडवायची आणि वहीत लावायची. यांना 'स्क्रॅप' म्हणत. बॉस्टनमध्ये लुई प्रँग या जर्मनीहून आलेल्या मुद्रकानं १८७४ पासून अमेरिकेत नाताळची रंगीत कार्डं विकायला काढली, १८८० मध्ये कार्डाच्या चित्रांची स्पर्धाही ठेवली. बाजारात चित्रं आली तसं चिकटवणं घरोघरी गेलं. खळीनं हात बरबटतात, पानं एकमेकांना चिकटतात, यावर उपाय म्हणून विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ मध्ये एका वहीचं पेटंट घेतलं. पानावर आधीच डिंकाच्या रेघा, नुसतं ओलं करायचं आणि चित्र दाबायचं. त्यांची ही कोरी वही पुष्कळ खपली.

इथपर्यंत सगळं गोडगुलाबी आहे. पण चिकटवहीचं खरं मोल मला पुढच्या दोन माणसांपाशी कळतं.

सुसान अँथनी यांनी अमेरिकेतल्या बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्य घातलं. १८७२ मध्ये मत दिलं म्हणून त्यांना अटक झाली. वर्तमानपत्रं त्यांची टिंगल करत. वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनी १८५५ पासून कात्रणं जपायला घेतली होती. स्तुतीची आणि निंदेची, दोन्ही. अशा तेहतीस चिकटवह्या झाल्या. १९०३ मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकांबरोबर त्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या. तीन वर्षांनी त्या गेल्या, आणि मताचा हक्क मिळायला १९२० उजाडलं. आपला इतिहास दुसरं कुणी लिहून ठेवणार नाही, हे ओळखून त्या बाईनं तो चिकटवून ठेवला.

दुसरे फिलाडेल्फियाचे विल्यम हेन्री डॉर्सी. कृष्णवर्णीय समाजातले चित्रकार आणि संग्राहक. जन्म १८३७ चा, गुलामगिरी अजून चालू होती तेव्हाचा. त्यांनी आपल्या लोकांविषयी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वर्तमानपत्रांत जे जे आलं ते कापून जवळजवळ चारशे चिकटवह्या केल्या. लग्नं, मृत्यू, शाळा, दंगे, गाणारी माणसं, शिकलेली माणसं. आज त्या शहरातल्या काळ्या समाजाचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास लिहायचा तर या वह्यांशिवाय पान हलत नाही. ज्यांच्या हाती छापखाना नव्हता त्यांच्या हाती कात्री होती, इतकंच.

त्या काळी कोरी वही विकत घेणं सगळ्यांना परवडत नसे. मग लोक सरकारी शेतीखात्याचे फुकट मिळालेले अहवाल, जुन्या हिशेबाच्या चोपड्या असं काहीही घेत आणि छापलेल्या मजकुरावरच कात्रणं डकवत. हे वाचताना मला आमच्या सासूबाईंची वही आठवली. ती मामंजींच्या दुकानाची जुनी उधारीची वही आहे. पुढून उघडली तर 'स्त्री' मासिकातल्या पाककृती, विणकामाचे नमुने, बाळाच्या गुटीची माहिती. मागून उघडली तर सीमाप्रश्नाची कात्रणं. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतरची सभा, मोर्चे, सत्याग्रह, अटका. कडेला सासूबाईंच्या पेन्सिलीत बारीक अक्षर: "आज बाजार बंद. दूध आलं नाही." कात्रणाखालून अजून उधारी दिसते, गूळ किती, तेल किती. मोर्च्याची बातमी कुठल्याही ग्रंथालयात मिळेल. पण त्या दिवशी एका घरात दूध आलं नाही हे दुसरीकडं कुठं मिळणार? घर रंगवायला काढलं तेव्हा ही वही रद्दीच्या ढिगात गेली होती. ती मी उचलून घेतली. "काय करायचीय?" या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं, आज हा लेख आहे.

कुणी म्हणेल, ही सगळी इंग्लंड-अमेरिकेची उसनवारी. तसं नाही. कागदाला कागद जोडून, चितारून, मनातलं सांगणारं पत्र पाठवायची आपली जुनी चाल आहे. आम्हा जैनांत श्वेतांबर संघांमध्ये 'विज्ञप्तिपत्र' पाठवायची पद्धत होती. पर्युषणानंतर गावचा संघ आचार्यांना पत्र पाठवी: वर्षभरात अमुक तपं झाली, अमुक दान झालं, आमच्याकडून झालेल्या अपराधांची क्षमा असावी, आणि पुढचा चातुर्मास आमच्या गावी करावा. कागदाला कागद जोडून हे पत्र गुंडाळीसारखं लांबच लांब केलेलं असे. वर अष्टमंगलं आणि त्रिशलामातेची स्वप्नं. नंतरच्या पत्रांत तर गावचा बाजार, दुकानं, हत्ती-घोडे, देवळं. आमचं गाव किती छान आहे, या ना! असा तो आग्रह. यातलं १६१० चं आग्रा संघाचं पत्र प्रसिद्ध आहे. विजयसेनसूरींना पाठवलेलं, शालिवाहन या चित्रकारानं चितारलेलं. पर्युषणात पशुहत्या बंद ठेवण्याचं जहांगीर बादशहाचं फर्मान मिळालं, तो प्रसंग त्यात आहे. या पत्रांचा अभ्यास हीरानंद शास्त्री यांनी केला आणि तो १९४२ मध्ये बडोदे संस्थानानं छापला. निमंत्रण, वार्षिक वृत्तांत, क्षमायाचना आणि गावाचा नकाशा एकाच कागदावर! आजच्या लेआउटमध्ये याहून वेगळं काय असतं?

आम्हा दिगंबरांत ही चाल नव्हती, पण क्षमावाणीचं कार्ड होतं. दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला संपलं की क्षमावाणी येते, आणि मग "वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा" असं छापील कार्ड गावोगावच्या पाहुण्यांना जाई. छापील असलं तरी ज्याच्याशी खरोखर बिनसलंय त्याच्या कार्डावर आई दोन ओळी हातानं लिहायची. बाकीच्यांना नुसती सही. छापील आणि हाताच्या कार्डातला फरक मला तेव्हाच कळला.

आणि संक्रांत! तिळगुळाची भेटकार्डं आठवतात ना? पतंग, हलव्याचे दागिने घातलेलं बाळ, आणि पाकिटात चार दाणे हलवा. टपालात त्याचा चुरा होऊन पोहोचायचा, तरी तोंडात टाकायचाच. तसाच चित्रं सजवण्याचा नाद. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी आल्या. मग त्या छापील देवीला खऱ्या कापडाचं लुगडं, जरीचा काठ, टिकल्या लावून काचेत बसवायची हौस आली. अशी सजवलेली चित्रं आजही जुन्या घरांत आणि संग्रहालयांत बघायला मिळतात. छापखान्यातून हजारांनी निघालेली लक्ष्मी, टिकल्या लावल्या की आपल्या घरची होते.

हातानं केलेल्या कार्डाची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दुसरं महायुद्ध संपलं होतं. चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्याला युनिसेफची मदत पोहोचली होती. तिथल्या यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीनं आभार मानायला चित्र काढलं, खांबाभोवती नाचणाऱ्या मुलींचं. कागद मिळत नव्हता, म्हणून काचेच्या तुकड्यावर. १९४९ मध्ये युनिसेफनं त्या चित्राचं कार्ड छापलं. तेच त्यांचं पहिलं भेटकार्ड. पुढं अशी कार्डं विकून मुलांसाठी पैसा उभा राहिला. आपल्याकडं १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'क्राय'नंही भेटकार्डांतूनच मुलांच्या कामाला पैसे जमवले.

आता आजच्या स्क्रॅपबुकाची गोष्ट. अमेरिकेत यूटा राज्यात मॉर्मन पंथाची वस्ती मोठी. वंशावळ जपणं त्यांच्या धर्माचाच भाग. तिथल्या मॅरिलेन क्रिस्टेन्सन या गृहिणीनं घरातले फोटो आणि आठवणी यांच्या सजवलेल्या वह्या केल्या होत्या, पन्नासच्या वर. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीला जागतिक नोंदसंग्रह परिषद भरली, तिथं त्या मांडायला तिला बोलावलं. लोक विचारू लागले, हे सामान मिळतं कुठं? पुढच्याच वर्षी नवरा-बायकोनं दुकान काढलं. आजच्या या साऱ्या पंच-टेपांच्या बाजाराचं मूळ तिथं सापडतं. एका गृहिणीच्या जेवणाच्या टेबलावर.

तिनं एक महत्त्वाची गोष्ट लोकांच्या ध्यानात आणून दिली: वही कशाची आहे ते बघा. एकोणिसाव्या शतकात चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा कागद आला आणि शाई पसरू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घालू लागले. त्यातून आम्ल तयार होतं, ते कागदाचे धागे तोडतं. लाकडातलं लिग्निन उजेडानं पिवळं पडतं. म्हणून आपली पन्नास वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं हातात घेताच मोडतात, आणि चारशे वर्षांच्या हातकागदावरच्या पोथ्या अजून वाचता येतात. आपल्याकडं खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असा हातकागद पिढ्यान्‌पिढ्या झाला. पुण्यात १९४० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेनं हातकागद संस्था निघाली, तिच्या कागदाची कार्डंही सुरेख होतात.

तर मैत्रिणींनो, सजावट हवी तशी करा. पण कागद घेताना 'ॲसिड-फ्री' बघा. चिकट पट्ट्यांचे आणि प्लॅस्टिकच्या पडद्याचे जुने अल्बम घरात असतील तर फोटो हलक्या हातानं बाहेर काढा. तो चीक पिवळा पडतो आणि फोटोला धरून बसतो. फोटो थेट चिकटवण्यापेक्षा कागदी कोपरे लावा. वर्तमानपत्राचं कात्रण फोटोला लागून ठेवू नका. आणि आपल्या खळीला हसू नका. जुन्या पोथ्या दुरुस्त करणारे जाणकार आजही गव्हाच्या सत्त्वाचीच खळ वापरतात, कारण ती पाण्यानं पुन्हा सोडवता येते. किडीसाठी मोरचूद मात्र घरच्या खळीत घालू नका, तो विषारी असतो.

आणि सगळ्यात शेवटची, सगळ्यात स्वस्त गोष्ट: प्रत्येक फोटोखाली नाव लिहा. पूर्ण नाव, गाव, साल. जुन्या फोटोंत खुर्चीवर बसलेल्या पुरुषांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. मागं उभ्या असलेल्या बायका 'अमक्याची आई', 'तमक्याची काकू' असतात, आणि दोन पिढ्यांनी तेवढ्याही राहत नाहीत. त्यांची माहेरची नावं सांगणारं कुणी घरात असेल, तर आजच विचारून घ्या. फुलं, फिती, टिकल्या उद्या लावल्या तरी चालतील.